एकाच मशीनचं नेट गेलंय? आधी राउटरवरचा हात काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्वे रोडजवळचं सीए ऑफिस, चौदा मशीन. अकाउंट्सच्या मॅडमच्या डेस्कटॉपवर काल दुपारपासून नेट नाही, बाकी तेरा जणांचं व्यवस्थित चालू. खाली उजव्या कोपऱ्यात पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह आलंय. राउटर दोनदा बंद-चालू करून झाला, मशीन शटडाउन करून झालं, फरक शून्य. जीएसटीची २० तारीख तोंडावर, हार्डवेअरवाला फोन उचलत नाही, आणि विचारणाऱ्याला ‘तुला त्यातलं कळतं ना’ म्हणत सगळ्यांनी पुढे ढकललंय.

पुण्यात ऑफिसांची नेटवर्क जोडायची आणि बिघडली की निस्तरायची, हे काम मी वीसेक वर्षं करतोय. ‘कळतं ना’ म्हणून पुढे ढकललेले लोक मला प्रत्येक ऑफिसात भेटतात. त्यातले बरेच जण हुशार असतात. फक्त बिघाड कुठे आहे हे कळायच्या आधीच औषध द्यायला लागतात.

तर पहिलं, राउटरवरचा हात काढा. तेरा मशीन चालतायत म्हणजे राउटर चालतोय, बाहेरून येणारी फायबर चालतेय, बिलही भरलेलं आहे. तुम्ही तो बंद केलात की तेरा जणांचं अर्धवट भरलेलं काम उडतं आणि चौदाव्या मशीनला काडीचा उपयोग होत नाही. डोकं दुखो की गुडघा, घरातली एकच गोळी काढून द्यायची, तसं आपल्याकडे राउटरचं झालंय.

दुसरं, मॅडमचं काम सुरू करून द्या. त्यातच अर्धा तपासही होतो. मशीनमागची नेटची वायर काढा. कुणाचाही अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने मशीनला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा. ते बटण फिकट दिसून दाबलंच जात नसेल तर वायर बदला. काही स्वस्त वायरींमधून फक्त चार्जिंग होतं, डेटाच्या तारा आत नसतातच. मिनिटभर थांबा आणि ब्राउझर उघडा.

साइट उघडल्या, तर ब्राउझर, मशीनचं घड्याळ, प्रॉक्सी (म्हणजे नेट ज्याच्यामार्फत फिरवलं जातं तो मधला दलाल), अँटिव्हायरस हे सगळे आरोपी एका झटक्यात सुटले. उरलं काय, तर मशीनमागचं नेटवर्क कार्ड, त्या कार्डाला मिळालेला पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा आकडा, आणि तिथून रॅकमधल्या स्विचपर्यंतची, म्हणजे सगळ्या मशीनच्या वायरी जिथे येऊन जुळतात त्या डब्यापर्यंतची, वायर. साइट उघडल्या नाहीत तर वायरीच्या मागे लागू नका, दुखणं मशीनच्या आत आहे. या एका चाचणीने मी माझे किती फेरे वाचवलेत त्याचा हिशोब नाही. एक मात्र ध्यानात ठेवा. टॅलीचा डेटा सर्व्हरवर असेल तर तो फोनच्या वाटेने दिसणार नाही; पोर्टलवरचं काम तेवढं होईल.

मॅडम फोनवरच्या नेटवर काम करत असताना त्यांच्याशी दोन मिनिटं बोला. ‘तुम्ही काय केलंत?’ असं विचारू नका. त्याला अख्ख्या पुण्यात एकच उत्तर आहे, ‘मी कशालाही हात लावलेला नाही.’ विचारायचं ते असं: शेवटचं नेट कधी चाललं, आणि त्यानंतर या टेबलाजवळ कोण येऊन गेलं? सुतार, एसीवाला, फरशी पुसणाऱ्या मावशी, नवी खुर्ची, टेबलाखाली सरकवलेला फाइलींचा गठ्ठा, काहीही. नारायण पेठेतल्या एका ऑफिसात एका मशीनचं नेट रोज सकाळी नसायचं आणि साडेदहाच्या सुमाराला आपोआप यायचं. मी दोनदा दुपारी जाऊन ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परत आलो. तिसऱ्यांदा सकाळी साडेनऊला जाऊन बसलो. मावशींचा पोछा टेबलाखालच्या वायरीला लागत होता. कनेक्टरची क्लिप तुटलेली, त्यामुळे तो जरासा बाहेर यायचा. साहेब येऊन सीपीयू पायाने आत ढकलायचे की पुन्हा बसायचा. साहेबांच्या पायाने मला दोनदा फसवलं होतं.

तेव्हा आता टेबलाखाली जा, मोबाइलचा टॉर्च घेऊन. वायर परत लावा आणि ती जिथे शिरते त्या खोबणीजवळचे दोन छोटे दिवे बघा. वायर लावून, मशीन चालू असताना एकही दिवा लागत नसेल तर पुढची सगळी सेटिंगची बडबड वाचायचीच नाही. विजेच्या पातळीवरच संबंध तुटलाय. दिवा असेल आणि एखादा लुकलुकत असेल तर वायरीतून काहीतरी जातंय एवढं कळतं, यापेक्षा जास्त नाही.

दिवा नसेल तर अदलाबदल करा. शेजारच्या टेबलावरची, चालू असलेली वायर ओढून मॅडमच्या मशीनला लावा. दिवा लागला आणि नेट आलं तर मशीन निर्दोष. नाही लागला तर नेटवर्क कार्ड गेलंय किंवा बंद करून ठेवलंय. वायरीच्या बाजूला दोष निघाला तर पुन्हा तीच युक्ती करायची. भिंतीतल्या सॉकेटपासून मशीनपर्यंतची छोटी वायर, म्हणजे पॅच कॉर्ड, आधी बदला. तरी नाही आलं तर रॅकवर जाऊन त्याच लाइनचं टोक स्विचच्या दुसऱ्या, नक्की चालणाऱ्या पोर्टात घाला. एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहा. एकदम तीन गोष्टी बदलल्या की नेट येतं, पण कशाने आलं ते कळत नाही, आणि आठवड्याने तेच दुखणं पुन्हा येतं.

वायरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या अनुभवात एकाच मशीनचं नेट जाण्यात सगळ्यात मोठा वाटा तिचाच असतो. या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून कधीकधी खुर्चीच्या चाकाखाली वायर चिरडून एखादी तार तुटली, तर नेट पूर्ण जात नाही, १००वर घसरतं. किंवा मशीन गिगाबिटसाठी धडपडत राहतं आणि जोडणी दर मिनिटाला तुटते-जुळते. नेटवर्क कार्डाच्या स्टेटसमध्ये स्पीड लिहिलेला असतो तो बघा. शेजारी १ गिगाबिट आणि इथे १०० मेगाबिट दिसत असेल तर वायरीवर संशय घ्यायला जागा आहे.

मग कनेक्टर टॉर्चखाली धरा. प्लास्टिक पारदर्शक असतं, आतल्या तारांचे रंग दिसतात. क्लिप खाली ठेवून, सोन्याचे दात वर आणि वायर आपल्याकडे असं धरलं की डावीकडून क्रम यायला हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या दोन तारा शेजारी-शेजारी नाहीत, त्यांच्या मधे निळी जोडी बसलीय, हे नीट बघा. हौशी माणूस इथेच चुकतो. ‘जोड्या लावून टाकल्या’ म्हणतो, चार फुटांवर ते चालतंही, आणि सत्तर फुटांवर रडतं. नारिंगी आणि हिरव्या जोडीची जागा बदललेला दुसरा एक क्रमही मान्य आहे. तो दिसला तर घाबरू नका, पण मग दोन्ही टोकांना तोच हवा. आणखी एक बघा. बाहेरचं राखाडी आवरण कनेक्टरच्या आत, त्या दाबणाऱ्या पाचरीखाली गेलेलं असायला हवं. ते बाहेरच राहिलं असेल आणि आठ नाजूक तारा उघड्या दिसत असतील, तर वायरीला बसणारा प्रत्येक हिसका थेट तांब्यावर बसतो. तो कनेक्टर आज नाही तर उद्या जाणारच.

पेठांमधल्या जुन्या वाड्यात ऑफिस असेल तर माळ्यावरून गेलेली वायर उंदराने कुरतडलेली निघते, हे सांगायला नको. आणि एका तांब्याच्या वायरीची मर्यादा १०० मीटर आहे. एवढी मोठी ऑफिसं आपली नसतात, पण वायरमन जिन्यातून, गच्चीवरून वळसे घालत नेतो तेव्हा मीटर भराभर वाढतात.

आता समजा दिवा लागतोय, वायर ठीक आहे, तरी पृथ्वीचा गोळा जात नाही. तो गोळा म्हणजे काय, ते कळलं की त्याची भीती जाते. विंडोज अधूनमधून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून एक इवलीशी फाइल मागवतं. तिच्यात २२ अक्षरी, जागा धरून, एक वाक्य असतं. ते जसंच्या तसं परत आलं की विंडोज म्हणतं नेट आहे, नाही आलं की गोळा दाखवतं. म्हणजे गोळा एवढंच सांगतो की ते उत्तर आलं नाही. का आलं नाही, ते त्यालाही माहीत नसतं. व्हीपीएन (दुसऱ्या नेटवर्कात नेणारी खासगी वाट) किंवा फायरवॉल (ये-जा अडवणारा पहारेकरी) मधे असली तर नेट उत्तम चालू असतानाही गोळा दिसू शकतो.

पत्ता बघा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा, आयपीकॉन्फिग हा शब्द जागा न सोडता लिहा, जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑल. पडद्यावर जे येईल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हा फोटो पुढे फार उपयोगी पडणार आहे. त्यात आयपीव्ही४ची ओळ शोधा.

ती १६९.२५४ने सुरू होत असेल तर मशीनने स्वतःचा पत्ता स्वतःच ठेवून घेतलाय. राउटरकडे मागितला होता, कुणी दिला नाही, वाट बघून शेवटी असा पत्ता घेतला ज्याने ऑफिसबाहेर जाता येत नाही. कारण एकतर वायर अजूनही दगा देतेय, किंवा राउटरकडे वाटायचे पत्तेच संपलेत. राउटरला वाटायला साधारण शंभर-दोनशे पत्ते ठरवून दिलेले असतात. चौदा मशीनना ते कसे संपतील, असं वाटेल. पण ऑफिसच्या वायफायवर सगळ्यांचे मोबाइल, येणाऱ्या अशिलांचे मोबाइल, आणि हल्लीचे फोन स्वतःची ओळख बदलून जोडले जातात, त्यामुळे एकाच फोनच्या नावावर दोन-तीन पत्ते अडकू शकतात. पत्ता किती दिवसांसाठी द्यायचा ते राउटरमध्ये ठरवता येतं. आठ दिवसांचा असेल तर आठ तासांवर आणा.

पत्ता नेहमीसारखा दिसतोय पण शेजाऱ्यापेक्षा वेगळ्या मालिकेतला आहे, म्हणजे सगळ्यांचा १९२.१६८.०ने सुरू होतो आणि मॅडमचा १९२.१६८.१ने, तर मी पैजेवर सांगतो की ऑफिसात कुणीतरी दुसरा राउटर आणून लावलाय. शिवाजीनगरच्या एका इमारतीत मी हे शोधत अख्खी दुपार घालवली. मागच्या केबिनमध्ये मोबाइलला रेंज नाही म्हणून एका सरांनी घरचा जुना वायफायचा डबा आणून भिंतीतली वायर त्याच्या चुकीच्या पोर्टात खोचली होती. झालं, ऑफिसात पत्ते वाटणारे दोन जण झाले. मशीन चालू झालं की ते ‘पत्ता देता का कुणी’ म्हणून हाक मारतं, आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतं. त्यामुळे ज्यांच्या वाट्याला डबा आला त्यांचं नेट बंद, बाकीच्यांचं चालू, आणि रोज सकाळी वेगळेच चेहरे रडवेले. सरांना मी तीनदा विचारलं होतं, त्यांनी काहीच लावलेलं नव्हतं. डबा फाइलींच्या कपाटावर, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रिकाम्या खोक्यामागे सापडला.

पत्ता बरोबर आहे? मग तीनदा पिंग करा, याच क्रमाने. पिंग म्हणजे त्याच काळ्या खिडकीत पिंग हा शब्द, जागा आणि पुढे पत्ता लिहून ‘आहेस का’ अशी हाक मारणं. आधी डीफॉल्ट गेटवेचा, म्हणजे तुमच्या राउटरचा, जो आकडा फोटोत आहे त्याला. मग ८.८.८.८ला, म्हणजे ऑफिसबाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. मग कुठल्याही साइटच्या नावाला. पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस या माणसाने डिसेंबर १९८३मध्ये लिहिला, सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं, आणि आजही माझं निम्मं पोट त्याच्यावर चालतं.

गेटवेच उत्तर देत नसेल तर बिघाड ऑफिसच्या आत आहे. इथे उत्तराचे शब्द नीट वाचा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं आणि ते तुमच्याच मशीनच्या पत्त्यावरून आलंय असं दिसलं, तर मशीनला शेजारचा राउटरच सापडत नाहीये. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे हाक गेली, उत्तर नाही; ते मुद्दाम गप्प ठेवलेलं उपकरणही असू शकतं, म्हणून त्या एकाच शब्दावर निकाल देऊ नका, चालणाऱ्या मशीनवरून तेच पिंग करून बघा.

गेटवे बोलतोय, ८.८.८.८ही बोलतोय, पण नावाला पिंग केलं की ‘होस्ट सापडला नाही’, तर दोष डीएनएसचा. आपण पत्र्या मारुतीपाशी भेटू म्हणतो, गल्लीचा नंबर कुणी सांगत नाही. माहितगार माणूस ते नाव ऐकून बरोबर नारायण पेठेत नेऊन सोडतो. डीएनएस हा तो माहितगार माणूस. तो गैरहजर असला की रस्ता मोकळा असूनही तुम्ही जागचे हलत नाही. कार्डाच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा आकडा कुणी हाताने भरून ठेवलाय का ते बघा. जुनी कंपनी बदलून नवं कनेक्शन घेतलं आणि एका मशीनमध्ये जुन्याच कंपनीचे आकडे राहून गेले, असं सर्रास होतं. तात्पुरते ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून बघायला हरकत नाही. पण ऑफिसात सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा स्वतःचा डोमेन सर्व्हर असेल तर ते कायम ठेवू नका. बाहेरच्या माहितगाराला तुमच्या ऑफिसातली नावं ठाऊक नसतात, मग नेट येईल आणि सर्व्हरवरचं लॉगिन अडेल.

तिन्ही पिंग चालतात आणि तरी ब्राउझर ढिम्म, किंवा सुरुवातीची फोनची चाचणीच नापास झाली, तर मशीनच्या आत बघायचं. प्रॉक्सी चालू राहिली आहे का, व्हीपीएन अर्धवट तुटलाय का. आणि घड्याळ. घड्याळावर कुणी संशय घेत नाही. एका ऑफिसात दर काही आठवड्यांनी शुक्रवारी सकाळी एका मशीनचं नेट जायचं, नेहमी शुक्रवारीच. गुरुवारी मेंटेनन्सला दिवसभर वीज बंद असायची. त्या मशीनच्या मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर२०३२ नावाचा, मेलेला होता. वीज असली की घड्याळ विजेवर चालायचं, त्यामुळे एरवी पत्ता लागत नव्हता. वीज दिवसभर गेली की तारीख काही वर्षं मागे. साइटची प्रमाणपत्रं त्या तारखेला जन्मालाच आलेली नसतात, म्हणून ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइट नाकारतो आणि ऑफिसात बोंब होते नेट गेलं. पिंग मात्र उत्तम. सेल बदलला, शुक्रवार सुधारला.

शटडाउन करूनही फरक पडला नाही म्हणालात त्याबद्दल. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पूर्ण नसतं. विंडोजचा गाभा आणि कार्ड वगैरे चालवणारे ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे जपून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उठतात. कार्डाचा ड्रायव्हर काल अडकला असेल तर तो आज अडकलेलाच उठेल. म्हणून रीस्टार्ट करा, शटडाउन नको. हे ऐकून हसणारे बरेच असतात, करून बघितल्यावर गप्प होतात.

नेटवर्क रीसेट नावाचं बटण तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. आधी मघाचा फोटो आहे ना, खात्री करा. ते बटण सगळी कार्डं उपटून नव्याने लावतं. हाताने भरलेला पत्ता, व्हीपीएन, सगळं पुसलं जातं. मॅडमच्या मशीनला ठरावीक पत्ता दिलेला असेल आणि एखादा प्रिंटर किंवा सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर अवलंबून असेल, तर नेट येईल आणि दुसरंच काहीतरी बंद पडेल. म्हणून मी ते शेवटी दाबतो, तेही संध्याकाळी.

वायफाय आणि फायबरचं इथे काम नाही, पण कधी चौदाही जणांचं गेलं तर फायबरच्या डब्यावर लॉस असं लिहिलेला दिवा लाल आहे का तेवढं बघा आणि कंपनीला फोन करा. तिथे तुम्ही करण्यासारखं काही नसतं, चौकात कुणीतरी खोदलेलं असतं. ती पिवळी बारीक वायर उपटून टोकाकडे डोळा लावून बघू नका.

तुमच्या वर्णनावरून, ‘काल दुपारी’ आणि ‘एकच मशीन’ या दोन शब्दांवर, माझा पहिला संशय पॅच कॉर्डवर आहे. स्वतः क्रिंप करत, म्हणजे वायरीवर कनेक्टर दाबून बसवत, बसू नका. तापकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाजवळ तयार, साच्यातली पॅच कॉर्ड मिळते, दोन मीटरची कॅट६ घ्या, आणखी एक जास्तीची घेऊन रॅकजवळ ठेवा. जुनी काढलीत की दोन्ही कनेक्टर कात्रीने कापा आणि मगच कचऱ्यात टाका. नुसती ड्रॉवरमध्ये ठेवलीत तर दिवाळीच्या सफाईत कुणाला तरी ती सापडते, ‘अरे, चांगली वायर आहे की’ म्हणून तो दुसऱ्या मशीनला लावतो, आणि तुम्ही पुन्हा टेबलाखाली.